तिसऱ्या सभेसाठी अर्ज

प्रति,
आकाशवाणीच्या महाराष्ट्र आणि गोव्यातल्या केंद्रांवर संध्याकाळचे कार्यक्रम आखणारी सर्व मंडळी

स.न.वि.वि.

मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आले होते. वार होता शनिवार. म्हणजे २०२७ च्या २३ जुलैला त्याला शंभर वर्षं भरतील. त्या दिवशी शुक्रवार येतो, मी मोबाईलमध्ये बघून ठेवलंय. शंभरी म्हटल्यावर शामियाना येईल, शाल-श्रीफळ येईल, गुळगुळीत कागदाची स्मरणिका निघेल, कुणीतरी दिवा लावेल आणि वाऱ्याने तो विझेल. होऊ दे, माझी हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी शनिवार आहे. त्या शनिवारची तुमची तिसरी सभा मला हवी आहे. आणि मग पुढच्या प्रत्येक शनिवारची.

सभा हा शब्द तुमचाच. सकाळची पहिली सभा, दुपारची दुसरी, संध्याकाळची तिसरी. 'आमची दुसरी सभा इथंच संपली' असं निवेदिका म्हणायची, मागून नुसती खरखर सुरू व्हायची, तरी आमचे आजोबा लगेच खटका बंद करत नसत. पाहुणा बेड्याबाहेर, म्हणजे फाटकाबाहेर, पडेपर्यंत आपण उंबऱ्यावर उभे राहतो ना, तसे थोडा वेळ थांबत. प्रक्षेपणाच्या एका वेळेला 'सभा' म्हणायचं हे ज्याला सुचलं त्याचं नाव मला माहीत नाही, पण त्याला आपलं काम नीट कळलं होतं. सभेला माणसं येतात, बसतात, आणि आपल्या शेजारी कोण बसेल हे त्यांच्या हातात नसतं.

मी सावंतवाडी तालुक्यातल्या, आंबोली घाटाच्या पायथ्याच्या एका गावचा. आमच्या रेडिओची सुई कुठल्याच एका केंद्राची नव्हती. दिवसा पणजी लागायची, रत्नागिरी लागली तर लागायची. दिवेलागण झाली की मात्र सगळं आकाश उघडायचं. याचं कारण मला पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर कळलं. दिवसा वातावरणातला एक खालचा थर मध्यम लहरी पिऊन टाकतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो, आणि त्याच लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. लहानपणी हे माहीत नव्हतं, तेव्हा मला वाटायचं की धारवाडवाले आणि मुंबईवाले आमच्यासारखेच दिवसभर कामात असतात आणि रात्री जेवणखाण उरकून बोलायला येतात. खरं सांगायचं तर थराबिराच्या शास्त्रापेक्षा अजूनही मला तेच पटतं.

अशा एका रात्रीचं सांगतो. जानेवारी असावा, कारण पडवीत काकी कुळीथ निवडत बसली होती. तिला नाटक ऐकायचं होतं. नाटकाआधी एक भाषण लागलं, आकाशातल्या नक्षत्रांवर. बोलणारे गृहस्थ सावकाश, एकेक शब्द तोलून बोलत होते. काकी वैतागली. 'ह्या मास्तराचा कधी संपतला?' असं दोनदा म्हणाली. पण रेडिओ आजोबांच्या हाताशी, आणि हात सुपात. उठून सुई कोण फिरवणार? ऐकत राहिली. भाषण संपलं, नाटक झालं, नाटकात ती रडलीही. आणि झोपायच्या आधी भांडी घासायला अंगणात गेली ती बराच वेळ आली नाही म्हणून मी बघायला गेलो, तर राखेचे हात तसेच धरून वर बघत उभी होती. 'व्याध खंयचो रे?' मी मृगाचे तीन तारे दाखवले, त्यांच्या रेषेत खाली यायला सांगितलं. सापडला. चौथी शिकलेली बाई. तिने नक्षत्रांचा कार्यक्रम कधीही, कुठल्याही जन्मात आपणहून लावला नसता.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. पुढचं पत्र वाचायला वेळ नसेल तर इथं थांबलात तरी चालेल.

पण वेळ असेल तर त्या नाटकाबद्दल थोडं. आमच्याकडे नाटक म्हणजे दशावतार. रात्रभर चालणारा, रंग लावलेला, मुकुटांचा, तलवारींचा. त्या मुलखात नुसत्या आवाजाचं नाटक टिकेल असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण टिकलं. नभोनाट्यात दरवाजा करकरला की आमची आजी आपल्या घराच्या दरवाजाकडे बघायची. दरवेळी. पुढे बऱ्याच वर्षांनी एका केंद्रावर मला दहा मिनिटांचं भाषण द्यायला बोलावलं होतं, आमच्याकडच्या सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या, पावसाळी फुलांबद्दल. तिथं स्टुडिओच्या मधोमध एक दरवाजा उभा दिसला. भिंत नाही, घर नाही. नुसती चौकट, फळी, कडी आणि जरा गंजलेली बिजागरी. शेजारी एका पेटाऱ्यात वाळू, दुसऱ्यात खडी, पावलांसाठी. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आजी असती तर तिला इथं आणून म्हटलं असतं, हा बघ, हा दरवाजा, उगाच आपल्या दाराकडे बघायचीस.

त्याच दिवशी भाषण म्हणजे काय तेही शिकलो. मी शाळामास्तर, माझी वाक्यं लांब. कार्यक्रम अधिकारी म्हणाले, 'हे वाक्य मोठ्याने वाचा.' वाचलं. 'दम लागला?' लागला होता. 'मग तोडा.' दहा मिनिटं म्हणजे हजार-अकराशे शब्द, त्यातले शंभर तरी त्यांनी खोडले आणि एकाचंही मला नंतर वाईट वाटलं नाही. जन्मात माझ्या लिखाणावर कुणी इतकी मेहनत घेतली नव्हती. आज रेडिओवर 'बोलणं' भरपूर आहे. फोन येतात, शुभेच्छा येतात, मुलाखती होतात. पण एका माणसाने एका विषयावर वीस मिनिटं नीट लिहून आणलेलं, कुणीतरी तासून दिलेलं बोलणं हा वेगळा पदार्थ आहे. सरदार पटेलांच्या नावाची व्याख्यानं आकाशवाणीने १९५५ पासून चालवली ती याच विश्वासावर की माणूस मायक्रोफोनसमोर एकटा बसून काही विचार मांडू शकतो.

आणि संगीत. धारवाड आम्हाला रात्री स्वच्छ लागायचं. निवेदन कानडीत. त्यातलं आम्हाला काही कळायचं नाही, फक्त 'राग' आणि 'मल्लिकार्जुन मन्सूर' एवढं कळायचं, आणि तेवढं पुरे व्हायचं. मन्सूरबुवा त्या केंद्राचे संगीत सल्लागारही होते. धारवाडजवळच्या मन्सूर गावचा हा माणूस आधी मिरजेला नीलकंठबुवांकडे शिकला, मग जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे. खाँसाहेबांचं कोल्हापूर आमच्यापासून एका घाटावर. म्हणजे जी गायकी आमच्या डोंगरापलीकडून कर्नाटकात गेली ती हवेतून परत आमच्या पडवीत यायची. जोडरागांचे ते वळसे आजोबांना कळत होते असं मी म्हणणार नाही. ते भजनी माणूस. पण समेवर त्यांची मान हलायची, आणि चुकून कधी हलली नाही तर ते स्वतःवरच चरफडायचे.

इथं एक जुनी तक्रार नोंदवून ठेवतो, कारण ती आजोबांची आहे आणि त्यांच्या हयातीत कुणी लिहून घेतली नाही. आमच्याकडे पेटीशिवाय भजन नाही. डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, पेटीवाला बुवा जिंकतो की हरतो यावर गावात वर्षभर बोललं जातं. आणि आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दाराबाहेर काढलं ते पुढची तीसेक वर्षं. श्रुती नीट लागत नाहीत, मींड निघत नाही, वाद्य परदेशी, अशी कारणं होती, आणि कारणं अगदीच खोटी होती असंही नाही. रवींद्रनाथांनाही पेटी आवडत नव्हती. त्या बंदीमुळे सारंगीवाल्यांना केंद्रांवर काम मिळालं हेही खरं. पण आजोबा म्हणायचे, 'आमच्या देवाक चलता, ह्यांच्या रेडियोक चलणा नाय.' असो. ती बंदी उठली, आजोबाही गेले.

बंदीवरून बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आठवतात. १९५२ मध्ये हे मराठी गृहस्थ माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीचं दार जवळजवळ बंद केलं. लोकांनी काय केलं? सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथून अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची रात्र हातातून गेली. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. केसकरांची ही गोष्ट सगळे हसत हसत सांगतात. पण त्याच १९५२ च्या जुलैमध्ये, त्याच मंत्र्याच्या कारकिर्दीत, संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री दीड तास, एक कलाकार, सगळ्या केंद्रांवरून एकाच वेळी. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन. १९५६ मध्ये नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम आला. महिन्यातून एकदा एखाद्या भाषेतलं नाटक निवडायचं आणि देशभरातल्या केंद्रांनी आपापल्या भाषेत, एकाच रात्री, ते वाजवायचं. बंगाली घरातलं भांडण आमच्या पडवीत मराठीत यायचं, आणि त्याच घटकेला ते कुठेतरी तमिळमध्येही चाललेलं असायचं. एकाच माणसाचे हे दोन हात. एका हाताने त्याने काढून घेतलं, ते टिकलं नाही. दुसऱ्या हाताने ताटात वाढलं, ते लोकांनी दशकानुदशकं खाल्लं.

म्हणून मी काही काढून घ्या म्हणत नाही. आपली आवड असू दे, फोन-इन असू दे, जाहिराती असू देत. आठवड्यातले सहा दिवस तुम्ही काय वाजवता याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. शनिवारचे तीन तास मागतोय.

तुम्ही म्हणाल, शास्त्रीय संगीताला आम्ही अख्खी वाहिनी दिली की. दिलीत, आणि त्याबद्दल खरोखर आभारी आहे. २६ जानेवारी २०१६ ला रागम् सुरू झाली तेव्हापासून ती आमच्या घरी चालू असते, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही. पण संगीताच्या वाहिनीवर संगीताचेच लोक येतात. काकी तिथं कधी गेली नाही. पंगतीत नुसता भात वाढला तर भाताची आवड असलेलाच बसून राहील. नाटकासाठी आलेल्या माणसाच्या कानावर अचानक मारवा राग पडावा, मारव्यासाठी आलेल्याने आधीचं भाषण नाइलाजाने ऐकावं, ही गोष्ट वेगळ्या वाहिन्या करून होत नाही. उलट जितक्या वाहिन्या वेगळ्या, तितकी ती कमी होत जाते.

आणि ॲपवर सगळं आहे, हेही तुम्ही म्हणाल. आहे. माझ्या फोनवर आज मी परभणी ऐकू शकतो, जळगाव ऐकू शकतो, जे आमच्या पडवीत कधी लागलं नव्हतं. मध्यम लहरींची प्रक्षेपकं एकेक करून बंद होत चालली आहेत, एफएम डोंगर ओलांडत नाही, तेव्हा आमच्यासारख्या घाटाच्या सावलीतल्या लोकांना हे ॲपच आता आकाश. तक्रार नाही. पण जुनं ध्वनिमुद्रण यूट्यूबवर शोधून ऐकताना मी काय करतो ते प्रामाणिकपणे सांगतो. आलाप पुढे ढकलतो. नाटकाचा पहिला प्रवेश कंटाळवाणा वाटला की दुसरं लावतो. भाषण तर लावतच नाही. माझ्या हातात कुळीथ नसतात आणि अंगठा मोकळा असतो. मला निवडता येतं म्हणून मी दर वेळी तेच निवडतो जे मला आधीच आवडतं. साठीच्या माणसाला याचा धोका जास्त. आपल्याला काय आवडतं हे एव्हाना पक्कं झालेलं असतं.

लंडनचं एक उदाहरण देतो, कारण आपल्याकडच्या साहेबांना तिकडचं उदाहरण लवकर पटतं. दुसरं महायुद्ध संपलं, बीबीसीने २९ सप्टेंबर १९४६ रोजी तिसरा कार्यक्रम सुरू केला, थर्ड प्रोग्राम. फक्त संध्याकाळचा, सहा ते मध्यरात्र. संगीत, नाटक, व्याख्यानं. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडमध्ये पावावर रेशनिंग आलं होतं, जे युद्ध चालू असतानाही नव्हतं. पाव मोजून मिळत होता आणि संध्याकाळ न मोजता. न मोजता हे अक्षरशः, कारण या वाहिनीवर तासाच्या ठोक्याला बातम्या लावायच्या नाहीत असं ठरलं होतं. नाटक जितकं लांब तितकं वाजेल, त्याचं शेपूट कापायचं नाही. लोकांनी तिला शिष्टांची वाहिनी म्हणून हिणवलं, आणि १९५७ मध्ये तिचे आठवड्याचे तास चाळिसावरून चोवीसवर आणले. पण मी जे मागतोय ते आठवड्याला चोवीसही नाही. तीन.

शेपूट कापण्यावरून. मध्यंतरी एका केंद्रावर (नाव लिहीत नाही, लिहून कुणाचं भलं होणार नाही) रात्री बागेश्री लागला होता. विलंबित झाला, द्रुत सुरू झाली, लय चढली, आणि मधेच तान तोडून एका योजनेची जाहिरात. जाहिरात संपल्यावर थेट पुढचा कार्यक्रम. कलाकाराचं नाव सांगितलं होतं, रागाचं सांगितलं होतं, तबल्यावर कोण ते नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला. उचलणारे गृहस्थ अतिशय सभ्य होते. म्हणाले, 'वेळ संपली होती.' मी विचारलं, कुणाची? ते हसले. मीही हसलो. त्यांचा दोष नव्हता. संगणकात घातलेल्या वेळापत्रकाला समेचं काय कळणार. पण साथीदाराचं नाव सांगायला किती सेकंद लागतात? तीन.

आता नेमकं काय हवं ते लिहितो, म्हणजे फाइलवर शेरा मारायला सोपं पडेल. शनिवारी रात्री आठ ते अकरा. आधी भाषण, पंधरा-वीस मिनिटांचं, एकाच माणसाचं, लिहून आणलेलं. विषय कुठलाही चालेल, शक्यतो श्रोत्याने न मागितलेला. मग नाटक. महिन्यातलं एक तरी नवं असावं आणि ते लिहिणाऱ्याला असं मानधन मिळावं की तो दुसरंही लिहील. उरलेल्या शनिवारी तुमच्या कपाटातलं काढा. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतल्या नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भाऊजी ज्यांनी ऐकले ते अजून हयात आहेत. ज्यांनी ऐकले नाहीत ते हयात असून त्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी तर आधी लावा.

शेवटी संगीत, आणि त्याला वेळ जास्त. सव्वा तास, दीड तास, एकच कलाकार. इथं एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम आल्यापासून उघड्या मैदानावरच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली संपल्या. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी पहाटेपर्यंत चालायचा. आता बहुतेक दिवशी दहाच्या आत आवरतो. परिणाम असा की दरबारी, मालकंस, अडाणा हे राग त्यांच्या स्वतःच्या प्रहरी समोर बसून ऐकणं दुर्मीळ झालं. सहा वाजता अडाणा गायचा नाही म्हणून गवई तो गात नाही, आणि रात्री अकरा वाजता सभागृहाला कुलूप. रेडिओला हा नियम लागत नाही. माझ्या उशाशी रात्री पावणेअकराला मालकंस चालू असला तर शेजाऱ्याचं कुत्रंही उठत नाही. मध्यरात्रीच्या रागांना राहायला अख्ख्या महाराष्ट्रात आता तुमच्याइतकं मोठं घर उरलेलं नाही.

निवेदकाने राग, ताल, गाणारा, तबला, पेटी किंवा सारंगी, तानपुऱ्यावर कोण, आणि ध्वनिमुद्रण जुनं असेल तर कुठल्या केंद्राचं, कुठल्या सालचं, हे सांगावं. गाण्यानंतर पाच सेकंद काही वाजवू नये. मी पाच म्हणतोय, आजोबांच्या हिशेबाने पंधरा. धारवाडचं मुंबईला, मुंबईचं पणजीला, अशी देवघेव व्हावी. मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी तरुणपणी मुंबई केंद्रावर कोंकणी विभागात नोकरीला होते, भीमसेन जोशी १९४३ मध्ये मुंबईला येऊन रेडिओवर गात होते. तुमच्या भिंतींना ही माणसं माहीत आहेत. कपाटांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत तेवढं बघा.

आणि दिवस, वेळ बदलू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून मुद्दाम मागे ठेवलं. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी गीतरामायण सुरू केलं. सीताकांत लाडांनी माडगूळकरांकडून गाणं मागितलं, फडक्यांनी चाल लावली, आणि आठवड्याला एक असं करत, अधिक महिना धरून, वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. ती गाणी उत्तम होती म्हणून लोक जमले हे तर झालंच. पण आठवडा चुकला नाही म्हणूनही जमले. लोक रेडिओला हार घालून बसायचे असं जुनी माणसं सांगतात. येणारा पाहुणा नक्की येणार हे ठाऊक असल्याशिवाय कुणी हार करून ठेवत नाही. एक शनिवार सामन्याच्या धावत्या वर्णनाला, दुसरा मंत्रिमहोदयांच्या संदेशाला, असं दोनदा झालं की तिसऱ्या शनिवारी आम्ही रेडिओ लावणार नाही, आणि मग तुमच्याकडे आकडा येईल की या कार्यक्रमाला श्रोते नाहीत.

आकड्यांचं भय मला आहे. रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी १९८८ मध्ये सुरू झाली आणि २०१९ च्या सुरुवातीला बंद झाली. खर्चाचं कारण होतं. खर्च कुणाला चुकलाय. पण मी मागतो त्यातलं बरंचसं तुमच्याकडे आधीच पडून आहे. दरवाजा आहे. करवंट्या आहेत, नसल्या तर मी पाठवतो, आमच्याकडे नारळाला तोटा नाही. कपाटात हजारो तास गाणं आहे. बोलायला तयार असलेले मास्तर तर गावोगाव आहेत, त्यांना फक्त वाक्यं तोडून देणारा कुणीतरी हवा.

पूर्वी वर्तमानपत्रात आकाशवाणीचे कार्यक्रम छापून यायचे. आजोबा त्याला खूण करून ठेवायचे. आता छापत नाहीत, हरकत नाही. आठवडाभर आधी चार ओळींचा व्हॉट्सॲप संदेश काढा, पुढे पाठवायचं काम आमच्याकडे. गावच्या गटात रोज सकाळी फुलांची चित्रं आणि सुविचार येतात, त्यात एक तुमचा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक श्रोता
तालुका सावंतवाडी, जिल्हा सिंधुदुर्ग

ता. क. पत्र लिहून झाल्यावर काकीला वाचून दाखवलं. ती आता ब्याऐंशीची आहे. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, त्या रात्री ती रडली नव्हती, कांद्याचा वास होता. दोन, आठला सुरू करू नका. आठ ते साडेआठ तिची टीव्हीवरची मालिका असते. साडेआठ करा.